म्हातारे माणूस आजारी असताना दूरच्यांना कसे कळवावे

घरातले म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, की घरच्यांवर दोन कामे येऊन पडतात. एक काम सेवेचे. पाणी पाजणे, कूस बदलणे, वेळेवर औषध देणे, अंथरूण धुणे. हे काम सर्वांना दिसते. दुसरे काम मात्र कोणी काम म्हणून मोजत नाही. ते म्हणजे दूरच्या माणसांना कळवण्याचे. लेक सासरी असते, मुलगा पोटासाठी परमुलखात असतो. त्यांचा जीव इकडे लागलेला असतो. या दुसऱ्या कामाविषयी आम्ही इथे सांगणार आहोत.

बीड जिल्ह्यातले एक घर डोळ्यांपुढे आणा. अशी घरे तिथे गावोगाव आहेत. दिवाळीच्या सुमारास थोरला मुलगा नि त्याची बायको ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मग मार्च-एप्रिलपर्यंत, कारखाने बंद होईतो, कोल्हापूरकडे, सांगलीकडे, नाहीतर पार कर्नाटकात बेळगावकडे मुक्काम. राहायला कोपी. आज या फडात, आठ दिवसांनी त्या फडात. धाकटा मुलगा चाकणला कारखान्यात. लेक माजलगावकडे दिलेली. घरी राहतात आजोबा, आजी, शाळेत जाणारी नातवंडे आणि धाकटी सून. ही धाकटी सून तुमच्यासारखीच मोठेपणी लिहाय-वाचायला शिकली.

आजोबांचे हृदय कमजोर झाले आहे. पाय सुजतात. चार पावले टाकली की दम लागतो. उताणे निजले की श्वास कोंडतो, म्हणून पाठीशी गोधड्यांची थप्पी लावून बसल्या-बसल्याच झोपतात. या दुखण्याची एक खोड आहे. ते एका चालीने वाढत नाही. चार दिवस फार वाईट जातात. मग दवाखान्यात नेले, लघवी साफ होण्याचे औषध मिळाले, की सूज उतरते. म्हातारा उठून चहा मागतो. घरचे म्हणतात, निभावले. पुढे काही दिवसांनी पुन्हा तेच. आणि बहुतेक वेळा असे होते, की दर खेपेला माणूस पहिल्याइतका सावरत नाही. एक पायरी खालीच राहतो.

आता सांगा, थोरल्याला काय कळवायचे?

वाईट दिवशी घाबरून "असाल तसे या" म्हटले, तर तो कोयता टाकून निघतो. एक सबंध रात्र प्रवासात जाते. कामाचा खाडा होतो. खाड्याचे पैसे मुकादम हिशेबात धरतो. घरी येऊन पाहतो तर बाप ओसरीवर बिडी मागत बसलेला! पाहून बरे वाटते, यात शंका नाही. पण पुन्हा फोन गेला की त्याला निघणे जड जाते. मुकादमही म्हणतो, "मागच्या खेपेला पण असंच झालं होतं." उलट, "काही काळजी करू नका" असेच म्हणत राहिलो, तर तो येतो तेव्हा बापाचे बोलणे बंद झालेले असते. पैशाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघेल. हे दुसरे कसे भरून काढणार?

म्हणून आमचे पहिले सांगणे असे. "बरे आहेत" आणि "बरे नाहीत" हे शब्द टाकून द्या. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. माणूस काय करू शकतो ते सांगा, आणि आधी काय करत होता त्याच्याशी ताडून सांगा. त्या धाकट्या सुनेने थोरल्या जावेच्या फोनवर असे लिहावे :

"आक्का, दिवाळीला मामा मारुतीच्या पारापर्यंत चालत जात होते. मागच्या सोमवारी ओसरीपर्यंत आले. आता खाटेवरून उतरायला दोघांचा आधार लागतो. भाकरी सुटली. दुधात कुस्करून चार घास खातात. सगळ्यांना ओळखतात, बोलतात. डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल पण हृदय सुधारणार नाही. दादांना सांगा, अजून निघू नका. गुरुवारी पुन्हा दाखवायचे आहे. गुरुवारी रात्री कळवते. मधे फोन आला नाही तर नवीन काही नाही असे समजा."

एवढा मजकूर लिहायला फार विद्या लागत नाही. पण कोपीत बसलेल्या मुलाला यातून सारे दिसते. बाप किती उतरला ते दिसते. निघावे की थांबावे ते कळते. आणि शेवटचे वाक्य पाहा. पुढची खबर कधी येणार ते त्यात आहे. दूरच्या माणसाला वाईट बातमीपेक्षा काहीच न कळण्याचा जाच जास्त होतो. फडात फोनला रेंज नसते, दिवसभर फोन बंद. रात्री चार्ज करून लावला नि इकडचे कोणी उचलले नाही, की तो रात्रभर जागाच. वार ठरवून दिला, की त्याला तेवढी तरी झोप लागते.

आता हा मजकूर आठवणीने लिहायला गेलात तर चुकतो. आजारी माणसाजवळ बसणाऱ्याला दिवस-रात्रीचे भान राहत नाही. सोमवारी जेवले की मंगळवारी, ते सांगता येत नाही. त्यासाठी एक वही करा. नातीच्या जुन्या वहीची कोरी पाने चालतील. रोज संध्याकाळी तारीख घालून दोन ओळी लिहा. काय खाल्ले, किती प्याले, लघवी किती वेळा झाली, पायाची सूज चढली की उतरली, झोप लागली का, कोणती गोळी किती वाजता दिली. "११ तारीख. दोन वाट्या पेज. सूज गुडघ्यापर्यंत. रात्री तीनदा उठून बसले." बस्स. डॉक्टरांपुढे ही वही ठेवली, तर त्यांनाही गोळीचे माप कमीजास्त करायला तिची मदत होते. पाळीपाळीने बसणारांनाही एकमेकांना सांगत बसावे लागत नाही. वही वाचली की झाले.

दुसरी गोष्ट. कळवणारे माणूस एकच असावे. नाहीतर काय होते? आजी लेकीला रडत सांगते, आता काही खरे नाही. शेजारचा पोरगा चाकणला फोन करतो, अण्णा झकास आहेत. मेव्हणा कुठूनतरी ऐकून बेळगावला कळवतो, दवाखान्यात ठेवले. मग भावाभावांत तंटा, "मला का सांगितलं नाही?" त्यापेक्षा घरातल्या एकाने कळवावे, आणि पुढे कोणी कोणाला सांगायचे ते ठरवून द्यावे. सून थोरल्याला, धाकट्याला नि नणंदेला कळवील. धाकटा आपल्या मामाला नि आत्याला कळवील. जो सेवा करतो तोच दिवसभर फोनवर बोलत बसला, तर आजाऱ्याकडे बघणार कोण?

थोरल्याचा पत्ता लिहून ठेवणे हेही याच कामात येते. निघतानाच मुकादमाचा नंबर, टोळीतल्या आणखी एका माणसाचा नंबर, कारखान्याचे नाव आणि तालुका भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. टोळी हलली की नवीन गावाचे नाव त्याखाली लिहा. फोनमध्ये आहे म्हणून भिंतीवर नको, असे म्हणू नका. फोन ऐनवेळी बंद पडतो.

लेकीविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. पुष्कळ घरांत लेकीला सर्वांच्या शेवटी कळते. तिच्या सासऱ्याला किंवा नवऱ्याला फोन जातो. ते म्हणतात, उगाच कशाला घोर लावायचा, कापूस वेचणी होऊ द्या. निरोप तिथेच अडतो. सासरच्यांना मानाने कळवावे, ते योग्यच आहे. पण लेकीशी स्वतः बोला. बाप तिचाही आहे.

डॉक्टरांना काय विचारावे? "किती दिवस काढतील?" असे आपण विचारतो. याचे उत्तर कोणी डॉक्टर नेमके देऊ शकत नाही, म्हणून ते "बघू या" म्हणतात. त्यापेक्षा असे विचारा, "हे दुखणे उलटणार आहे, की आता त्रास कमी करणे एवढेच आपल्या हाती आहे?" आणि मग विचारा, "साहेब, बाहेरगावच्या माणसांना बोलवायची वेळ आली का?" या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर सरळ उत्तर देतात. उत्तर मिळाले की त्याच दिवशी वहीत लिहा नि त्याच शब्दांत सर्वांना कळवा. आपल्या पदरचे गोड करू नका आणि तिखटही करू नका.

आणि हो, ज्याचे दुखणे त्याला विचारायचे राहूनच जाते! आजोबा शुद्धीत आहेत, बोलत आहेत, तोवर त्यांना विचारा, "अण्णा, कुणाला बघावंसं वाटतं?" कदाचित ते भलतेच नाव घेतील. वीस वर्षे बोलचाल नसलेल्या भावाचे घेतील. एखाद्या जुन्या सोबत्याचे घेतील. ते नाव वहीत लिहा नि त्या माणसाला निरोप धाडा. काय सांगावे नि काय सांगू नये, हेही त्यांनाच विचारा. अंथरुणात लघवी होते ही गोष्ट व्याह्यांना कळायला नको, असे त्यांना वाटत असेल. मग ती लिहू नका. हल्ली नाकात नळी घातलेल्या माणसाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर साऱ्या भावकीला धाडतात. आम्हाला हे मुळीच पटत नाही. ज्याने आयुष्यभर फेट्याशिवाय पाऊल बाहेर टाकले नाही, त्याला उघड्या अंगाने चारशे फोनांत फिरवायचे काय?

पूर्वी कळवायचे साधन म्हणजे पोस्टकार्ड. त्यात एक गंमत असे. वर रीतीप्रमाणे लिहायचे, "इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत," आणि खाली लिहायचे, "वडील फार आजारी आहेत." मरणाच्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. वाचता न येणाऱ्यालाही कोपरा पाहून कळे. तातडी असली तर तार. तारेत शब्दांवर पैसे, म्हणून "वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा" एवढेच. दारात तारवाला दिसला, की तार वाचण्याआधीच बायका रडू लागत. कारण माणूस गेलेले असले तरी तारेत "अत्यवस्थ" असेच लिहायची रीत होती. तारेची ती सेवा २०१३ साली, जुलै महिन्यात सरकारने बंद केली. तार गेली, पण रीत राहिली! आजही माणूस गेल्यावर फोनवर सांगतात, "जरा सिरीयस आहेत, निघा."

वाटेत धक्का बसू नये म्हणून लोक असे करतात. हेतू चांगला आहे. पण विचार करा. तो मुलगा रात्रभर गाडीत देवाला नवस बोलत येतो. गावाच्या वेशीत शिरताच दाराशी जमलेली माणसे पाहतो. तो धक्का लहान असतो का? शिवाय मग पुढे खरोखरच "सिरीयस" म्हटले, तरी कोणाचा विश्वास बसत नाही. आम्ही म्हणतो, खरे सांगा, पण एकट्या माणसाला सांगू नका. आधी टोळीतल्या त्या दुसऱ्या नंबरवर फोन करा. त्याला म्हणावे, जवळ जाऊन बस, पाणी दे. मग मुलाला सांगा. आणि लगेच हेही सांगा, "तुम्ही येईपर्यंत थांबतो," किंवा "सकाळी नऊपर्यंत थांबता येईल." जे खरोखर करणार तेच बोला.

पण "या" असे कधी म्हणावे? शेवटची लक्षणे आम्ही सांगतो. माणूस दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत असते. अन्न नको होते, मग पाणीही घोटभरच. हातपाय गार पडतात. श्वास थांबून-थांबून येतो. असे झाले की काळ थोडा उरला असे समजावे. तेव्हा तोंडात बळेच पाणी किंवा दूध ओतू नका. ते श्वासनळीत जाते. ओल्या फडक्याने ओठ भिजवावेत. पण बेळगावच्या माणसाला बोलवायला ही लक्षणे दिसायची वाट पाहू नका. तेव्हा बोलावले तर तो बहुधा पोहोचत नाही. डॉक्टर म्हणाले आता उलटणार नाही, अंथरुणावरून उठणे बंद झाले, आणि भाकरीवरून पेजेवर नि पेजेवरून चमचाभर दुधावर आले, की बोलवावे. तेव्हा आला तर दोन शब्द बोलता येतील. मग बाप आणखी महिनाभर जगला, तर फारच चांगले. एक खेप जास्त पडली, इतकेच.

ज्याला येताच येत नाही, त्याने काय करावे? फोन आजोबांच्या कानाशी धरा. ते डोळे उघडत नसले तरी धरा. शेवटच्या दिवसांत बोलणे बंद झाले तरी ऐकू येणे बराच वेळ टिकते, असे डॉक्टर मानतात. मुलाला आधी सांगा, "ते उत्तर देणार नाहीत, पण तुम्ही बोला." नातवंडांनाही जवळ येऊ द्या. घरात काय चालले आहे ते मुलांना कळतेच.

माणूस गेल्यावर एक कळवणे राहते, ते सरकारला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. मरण जिथे आले तिथे नोंद होते. घरी आले तर गावच्या ग्रामपंचायतीत जा. शहराच्या दवाखान्यात आले तर नोंद तिकडे होते, आणि दाखलाही तिकडूनच आणावा लागतो. उशीर केला तर जास्त खेटे घालावे लागतात. आजोबांना श्रावणबाळ योजनेचा पगार असेल तर तहसील कचेरीत कळवा. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायलाही हाच दाखला लागतो, म्हणून त्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या. पंचायतीत तारीख, वेळ, वय विचारतील. जाताना ती वही बरोबर न्या.