भाड्याच्या भांडणातून घडलेलं शहर

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते ऐकताना डोळ्यांसमोर माग, सूत आणि गिरण्यांची धुराडी उभी राहतात. इंग्लंडमधल्या मूळ मँचेस्टरची अडचण मात्र मागाच्या फार आधी सुरू होत होती. कापूस तिथे पिकत नव्हता, तो समुद्रापलीकडून लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा. कोळसा जवळपास होता, पण खाणीतून शहरात आणणं महाग पडे. हा माल आणायचा कसा आणि त्याचं भाडं कुणी किती घ्यायचं, यावरून या शहराने सव्वाशेहून अधिक वर्षं भांडण केलं. त्या भांडणांतूनच त्याचे कालवे निघाले, रेल्वे निघाली आणि शेवटी समुद्रही शहराच्या दारात आला.

पहिलं भांडण कोळशाचं. शहराच्या पश्चिमेला वर्स्ली इथे ब्रिजवॉटरच्या तिसऱ्या ड्यूकच्या, म्हणजे फ्रान्सिस एगर्टनच्या खाणी होत्या. अंतर जेमतेम 15 किलोमीटरच्या आतलं. पण कच्च्या रस्त्यावर घोड्याच्या पाठीवर सव्वाशे-दीडशे किलोच माल चढे आणि नदीतून न्यावा तर मर्सी-आयर्वेल जलमार्गाचे मालक मागतील ते भाडं मोजावं लागे. ड्यूकने स्वतःचाच पाण्याचा रस्ता काढायचं ठरवलं. 1759 मध्ये पार्लमेंटची परवानगी मिळाली. कारभारी जॉन गिल्बर्ट आणि जेम्स ब्रिंडली हे दोघे त्याच्या मदतीला होते. ब्रिंडली मूळचा पाणचक्क्या दुरुस्त करणारा कारागीर. त्याला धड लिहिता येत नव्हतं. नकाशे आणि हिशेब तो डोक्यात ठेवी.

बार्टन गावाजवळ कालव्याच्या वाटेत आयर्वेल नदी आली. नदीच्या पाण्यात उतरायचं तर पुन्हा त्याच जुन्या मालकांच्या हद्दीत शिरणं आलं. म्हणून ब्रिंडलीने दगडी कमानींवरून, नदीपासून सुमारे 12 मीटर उंचीवर, कालवाच पलीकडे नेला. पाणी झिरपू नये म्हणून तळाला मळलेल्या चिकणमातीचा थर घातला. अनेकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली होती. 17 जुलै 1761 रोजी पहिली होडी पुलावरून गेली. वर होडी आणि खाली नदीतली गलबतं, हे पाहायला लांबून माणसं येऊ लागली.

वर्स्लीला तर कालवा थेट डोंगराच्या पोटात शिरतो. खाणीत साठणारं पाणी उपसण्याचा त्रास नेहमीचाच. इथे तेच पाणी कालव्याला पुरवलं आणि त्याच पाण्यावरून कोळशाच्या अरुंद होड्या बाहेर काढल्या. पुढे या भुयारी कालव्यांची लांबी सत्तरहून अधिक किलोमीटर झाली, तीही वेगवेगळ्या पातळ्यांवर. खाणीतल्या लोहामुळे वर्स्लीचं पाणी नारिंगी दिसायचं.

काठावरून चालणारा एकच घोडा पाण्यावरचा पंचवीस-तीस टन माल दोराने ओढून नेई. कालव्यामुळे मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. या शहराच्या इतिहासात इतका मोठा परिणाम घडवणारी दुसरी किंमत सापडणं कठीण आहे, कारण थोड्याच वर्षांत वाफेची इंजिनं आली आणि त्यांची भूक कोळशाची होती.

मग कालव्यांची रीघ लागली. 1776 मध्ये ब्रिजवॉटर कालवा रनकॉर्नपाशी मर्सी नदीला मिळाला. 1804 मध्ये पेनाइन डोंगर ओलांडून रॉचडेल कालवा आला. पाण्याने डोंगर चढावा यासाठी त्यावर 92 लॉक होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे आणि पाणी भरून तिला वरच्या पातळीवर उचलायची. अँकोट्स भागातल्या मरे बंधूंच्या आणि मॅकॉनेल अँड केनेडीच्या उंचच उंच सूतगिरण्या या कालव्यालगतच उभ्या राहिल्या.

दुसरं भांडण याच कालव्यांशी. आता त्यांचे मालकच मक्तेदार झाले. लिव्हरपूल ते मँचेस्टर माल पोचायला कधी कधी अटलांटिक ओलांडण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी या दोन शहरांमधल्या रेल्वेचा घाट घातला, पण 1825 मध्ये तिचं पहिलं विधेयक पार्लमेंटमध्ये पडलं. कालवेवाल्यांचा विरोध तर होताच, शिवाय रेल्वेचा अभियंता जॉर्ज स्टीफन्सन याच्या मोजणीतल्या चुका वकिलांनी उलटतपासणीत चव्हाट्यावर आणल्या. पुढची चाल व्यापाऱ्यांना शोभेशीच होती. ब्रिजवॉटर कालव्याचं उत्पन्न खाणाऱ्या मार्क्विस ऑफ स्टॅफर्डला रेल्वेचे 1,000 शेअर घ्यायला लावले. विरोध मावळला आणि 1826 मध्ये मंजुरी मिळाली.

वाटेत चॅट मॉस नावाची दलदल होती. टाकलेला भराव ती गिळून टाकी. शेवटी डहाळ्या आणि झुडपांच्या विणलेल्या ताट्या अंथरून त्यावर रूळ टाकले, म्हणजे रेल्वे जवळपास तरंगतीच ठेवली. आजही त्या मार्गावरून गाड्या धावतात. ऑक्टोबर 1829 मध्ये रेनहिल इथे इंजिनांची स्पर्धा झाली आणि स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ने ती जिंकली.

15 सप्टेंबर 1830 चं उद्घाटन मात्र शोकाचं ठरलं. वाटेत गाडी पाण्यासाठी थांबली तेव्हा लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन खाली उतरले आणि ‘रॉकेट’खाली सापडले. त्याच रात्री त्यांचं निधन झालं. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन मँचेस्टरला पोचले तेव्हा कामगारांनी त्यांचं स्वागत घोषणांनी आणि दगडांनी केलं. एवढ्या गिरण्या असलेल्या या शहराला तेव्हा पार्लमेंटमध्ये स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. कामगारांचा राग समजण्यासारखा आहे.

ही रेल्वे मालासाठी बांधली होती, पण लोकच तिच्यावर तुटून पडले. 1831 या एका वर्षात 4 लाखांहून अधिक माणसांनी प्रवास केला. इथून भारताकडे एक सरळ धागा येतो. याच मार्गावर न्यूटन-ले-विलोज इथे व्हल्कन फाउंड्री हा इंजिनांचा कारखाना निघाला, आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं तिथेच घडली होती.

इंजिनांमागे पुन्हा कापूसच होता. अमेरिकेच्या कापसावर सगळी मदार ठेवणं मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना धोक्याचं वाटू लागलं होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कल्पना मांडणाऱ्या जॉन चॅपमनचा मुद्दा साधा होता: वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईला येईपर्यंत धुळीने आणि पावसाने खराब होतो. पुढे 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस थांबला. मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरमधल्या गिरण्या बंद पडून हजारो घरांत उपासमार आली आणि मुंबईत त्याच कापसाने पैशाचा पूर आला. एका शहराची चूल विझली तेव्हा दुसऱ्यात शेअरबाजाराचा ज्वर चढला, हे या व्यापाराचं सर्वांत विदारक चित्र आहे.

तिसरं भांडण लिव्हरपूलशी. बंदराचे कर आणि रेल्वेचं भाडं यांनी मँचेस्टरचे कारखानदार पुन्हा कातावले. 27 जून 1882 रोजी डॅनियल ॲडमसन या उद्योजकाच्या डिड्सबरीतल्या घरी बैठक भरली आणि ठरलं की जहाजंच मँचेस्टरला आणायची. लिव्हरपूल आणि रेल्वे कंपन्यांनी दोनदा विधेयक हाणून पाडलं. 1885 मध्ये तिसऱ्यांदा ते पास झालं. 58 किलोमीटरचा जहाजी कालवा खणायला 1887 मध्ये सुरुवात झाली. कामाच्या भरात 16 हजारांच्या आसपास मजूर आणि वाफेवर चालणारी खोदयंत्रं त्यावर होती. पैसे संपले तेव्हा मँचेस्टर महापालिकेने 50 लाख पौंडांचं कर्ज दिलं. करदात्यांच्या पैशाने शहराने स्वतःला बंदर बांधून घेतलं, हे धाडस मोठंच. 1 जानेवारी 1894 रोजी कालवा खुला झाला.

ब्रिंडलीचा पूल मात्र जहाजांच्या आड येत होता. तो पाडून अभियंता एडवर्ड लीडर विल्यम्सने तिथे फिरता जलसेतू उभारला. जहाज आलं की दोन्ही टोकांचे दरवाजे बंद होतात आणि सुमारे 800 टन पाणी पोटात ठेवून अख्खा पूल बाजूला वळतो. कालव्यालगत 1896 पासून ट्रॅफर्ड पार्क ही औद्योगिक वसाहत वसली.

विसाव्या शतकात जहाजं कालव्यात मावेनाशी झाली आणि 1982 मध्ये त्यावरच्या सॅल्फर्डच्या गोद्या बंद पडल्या. आज तिथे बीबीसीची कार्यालयं आहेत. 1952 मध्ये जवळजवळ सगळा बंद झालेला रॉचडेल कालवा 2002 मध्ये पुन्हा पूर्ण लांबीचा खुला झाला.

रेल्वेचा वाद मात्र अजून ताजा आहे. 1830 चं लिव्हरपूल रोड स्थानक आता विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाचा भाग आहे. 2017 मध्ये पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया ही स्थानकं जोडणारा ऑर्डसल कॉर्ड हा नवा जोडमार्ग झाला आणि त्यात या स्थानकाचा मुख्य रेल्वेशी असलेला संबंध तुटला. त्याविरुद्धची न्यायालयीन लढाई अपयशी ठरली. ज्यासाठी ही किंमत मोजली ती गाड्यांची कोंडी मात्र पुरती सुटलेली नाही. जोडमार्गावरून येणाऱ्या गाड्यांना पुढे ऑक्सफर्ड रोड स्थानकावरून जाताना आजही दोनच लोहमार्गांवर आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते.