साग शेतात, कायदा जंगलात

वाशीम जिल्ह्याची ओळख जंगलाची नाही. सुमारे 5 हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वनाच्छादन दहा टक्क्यांच्याही आत आहे. बाकीचा मुलूख सोयाबीन-तुरीचा. तरीही मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर या तालुक्यांच्या मुरमाड, चढउताराच्या शिवारांत धुऱ्याला साग उभा दिसतो, तर कुठे पडीक तुकड्यावर त्याची सलग लागवडही. हा साग जंगलातून आलेला नाही. शेतकऱ्याने तो मुलीच्या लग्नासाठी, घरासाठी किंवा म्हातारपणासाठी लावलेला असतो. म्हणजे तो पंचवीस-तीस वर्षांनी काढायचे पीकच आहे. मात्र कापायची वेळ आली की त्याला लागू होणारे नियम जंगलातले झाड वाचवण्यासाठी केलेले असतात. लाकूड पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि लाकूड चोरणाऱ्याला एकाच चाळणीतून काढणारी ही व्यवस्था जंगलही नीट राखत नाही आणि लागवडही वाढू देत नाही. नियमन हवेच, पण त्याची सुरुवात लागवडीपासून व्हावी. आज ते तोडीच्या दिवशी जागे होते.

ही गाठ इतिहासात पडली. महाराष्ट्राचा वृक्षतोड (विनियमन) कायदा 1964 सालचा. साग, चंदन, खैर, मोह, आंबा, चिंच अशी झाडे त्याच्या अनुसूचीत आली आणि खाजगी जमिनीवरही ती परवानगीवाचून तोडता येईनाशी झाली. त्या काळी उद्योगांना लाकूड पुरवणे हे सरकारी जंगलाचे काम समजले जाई. राष्ट्रीय कृषी आयोगाच्या शिफारशींनंतर 1974 मध्ये नागपूरला मुख्यालय असलेले वन विकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र जंगल साफ करून सागाची सलग लागवड करायची, ही त्या वेळची रीत होती. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने ही दिशा बदलली. जंगल आधी पर्यावरणासाठी आणि भोवतालच्या लोकांसाठी, असे सांगून तिने उद्योगांना कच्च्या मालासाठी शेतकऱ्यांकडे वळायला लावले. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलातील तोड थांबवली. परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2011 च्या अहवालानुसार सरकारी जंगलांतून वर्षाला सुमारे 32 लाख घनमीटर लाकूड निघत होते, तर जंगलाबाहेरच्या झाडांची उत्पादनक्षमता 427 लाख घनमीटर होती. देशाचे लाकूड शेतात आले, कायदा मात्र जंगलातच राहिला.

या विसंगतीची किंमत विरळणीत मोजावी लागते. सागाची रोपे साधारण दोन बाय दोन मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी 2,500. ती सगळी मोठी व्हावीत अशी अपेक्षाच नसते. कपाशीची दाट उगवण विरळावी लागते, तसेच इथे काही वर्षांच्या अंतराने कमजोर, वाकडी झाडे काढायची असतात. तेव्हाच उरलेल्यांना ऊन, ओल आणि जागा मिळून खोड जाड होते आणि बाजारात ज्याला खरा भाव आहे तो गाभा भरतो. पण अशी बारीक बल्ली काढायची तरी कागदपत्रे जवळपास पूर्ण तोडीचीच. सातबाऱ्यावर झाडांची नोंद हवी, जमिनीच्या हद्दीची खात्री हवी, वनपरिक्षेत्र कार्यालयाची पाहणी हवी, खोडांवर हातोड्याचा ठसा हवा. तोडीनंतर प्रत्येक नगाची लांबी-गोलाई मोजून यादी करायची आणि त्यावर वाहतूक परवाना घ्यायचा. पूर्ण वाढलेल्या झाडांच्या किमतीत हा खटाटोप बसतो, बल्लीच्या भावात बसत नाही. म्हणून शेतकरी विरळणी टाळतो किंवा प्रकरण करून देणाऱ्या ठेकेदाराला उभी झाडे ठोक भावात देऊन मोकळा होतो. वीस वर्षांनी त्या रानात काठ्यांसारखी उंच, बारीक झाडे उरतात. झाड वाचवण्याच्या कलमाने लाकूड वाया जाते. साहजिकच नवा शेतकरी अनुसूचीत नसलेली सुबाभूळ किंवा निलगिरी निवडतो.

यावर पहिला आक्षेप वनविभागाचा, आणि तो वजनदार आहे. शेतातला साग मोकळा केला तर जंगलातला साग त्याच कागदावर बाहेर पडेल. लाकडाचा नग कोणत्या बुडख्याचा, हे आरागिरणीत सांगता येत नाही. खरे आहे. पण ही चोरी शक्य होते, कारण शेतात आधी किती झाडे होती, कोणत्या वयाची होती, याची विश्वासार्ह नोंद नसते. तोडीच्या वेळी पहिल्यांदा मोजणी होते तेव्हा आकडा फुगवायला वाव असतो. लावतानाच गट क्रमांक, नकाशा, संख्या आणि वर्ष नोंदले तर दहा वर्षांच्या लागवडीतून चाळीस वर्षांच्या गोलाईचे ओंडके काढल्याचे दाखवता येणार नाही. केंद्राने जून 2025 मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीचे आदर्श नियम राज्यांना पाठवले, त्यांचा पायाही लागवडीची आगाऊ ऑनलाइन नोंदणी हाच आहे. पाहणीतून मोकळा होणारा कर्मचारी जंगलाच्या सीमेवर आणि आरागिरण्यांच्या साठा-नोंदवहीवर लावता येईल. चोरीचा माल शेवटी तिथेच चिरला जातो.

दुसरा आक्षेप असा की, नियम सैल केले तर गरीब नाडला जाईल. त्यावर उत्तर हे की, संरक्षण काढू नये, त्याचा रोख बदलावा. अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडविक्रीसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा झाला तो व्यापारी कवडीमोलाने झाडे उचलत होते म्हणून. आंध आणि इतर आदिवासी शेतकऱ्यांसाठी तो धोका आजही संपलेला नाही, तेव्हा ती तरतूद राहिलीच पाहिजे. फक्त तिचे निर्णय मुदतीत व्हावेत. नियमाची गरज लाकूड विकत घेणाऱ्यावर आणि पैसा गोळा करणाऱ्यावर जास्त आहे, हे 1990 च्या दशकाने दाखवले. सागाच्या नावाने अवाच्या सवा परताव्याची स्वप्ने विकणाऱ्या कंपन्या तेव्हा देशभर उगवल्या. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स कोसळली आणि 1999 मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. गुंतवणूकदार बुडाले ते झाड तोडण्याच्या परवानगीअभावी नव्हे. झाड किती वर्षांनी किती लाकूड देते, हे खोटे सांगायला कोणी अडवले नाही म्हणून.

तिसरी शंका पर्यावरणाची, आणि इथे मात्र नियम सैल नव्हे तर कडक हवेत. सागाची सलग लागवड म्हणजे जंगल नव्हे. मोह, तेंदू, धावडा, चारोळीच्या मिश्र रानात जे पक्षी, प्राणी आणि गौण उपज असते ते तिच्यात नसते. त्याहून मोठा धोका मोकळी जमीन ओसाड समजण्याचा. जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्य सुमारे 18 चौरस किलोमीटरचे, आणि त्याचे वैभव उंच झाडांत नाही, काळविटाला लागणाऱ्या गवताळ माळात आहे. तिथे किंवा गावोगावच्या ई-क्लास, म्हणजे चराईच्या सरकारी जमिनीवर लक्ष्यांक पुरा करण्यासाठी झाडे कोंबली तर काळवीट आणि गुरे दोघांचाही चारा जातो. शेतांतही भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबते. तिथला साग नीट पोसत नाही आणि सोयाबीनही हातचे जाते. कुठे लावू नये हे ठरवणारा नकाशा ही नियमनाची पहिली पायरी आहे, आणि नेमकी तीच आपल्या वृक्षलागवडीच्या मोहिमांत वगळली जाते.

म्हणून राज्याने केंद्राचे आदर्श नियम आहेत तसे उचलू नयेत. ते वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गरजेप्रमाणे बेतावेत. नोंदवलेल्या लागवडीतील विरळणीला केवळ सूचनापत्र पुरावे. अंतिम तोडीला मुदतबंद परवानगी असावी आणि मुदत उलटली तर ती मिळाल्याचे मानावे. जंगलाला लागून असलेल्या गटांची पाहणी मात्र पूर्वीसारखीच कसून व्हावी. माळ, चराई आणि नैसर्गिक जंगल लागवडीच्या नकाशातून वगळावे. शेतकऱ्यानेही आपल्या बाजूने एक काम आजच करावे: धुऱ्यावरच्या झाडांची नोंद सातबाऱ्यावर आहे का, ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे आणि नसेल तर करून घ्यावी. नियम उद्या कोणतेही आले, तरी त्या नोंदीशिवाय शेतातला साग कागदावर आपला ठरत नाही.