विश्लेषण : कारमध्ये बाहेरून स्टिरिओ बसवताय? वायर कापण्याआधी काय विचाराल?

कारचे बेस मॉडेल घ्यायचे आणि टचस्क्रीन बाहेरून बसवून घ्यायची, हे गणित अनेक जण मांडतात. वरच्या व्हेरिएंटचे पैसे वाचतात आणि हवी ती स्क्रीन मिळते. गणित चुकीचे नाही. मात्र दुकानात चर्चा होते ती स्क्रीनच्या इंचांची आणि रॅमची. स्टिरिओ जोडला कसा जाणार, हे फारसे कोणी विचारत नाही. नंतरच्या बहुतेक कटकटींचे मूळ तिथेच असते.

कोणता स्टिरिओ बसेल?

‘सिंगल डिन’ स्टिरिओचा दर्शनी भाग साधारण १८० बाय ५० मिलिमीटर असतो, तर ‘डबल डिन’ची उंची दुप्पट असते. ‘डिन’ हे जर्मन मानक संस्थेचे संक्षिप्त नाव. ९ किंवा १० इंची स्क्रीन या खाचेत मावत नाही. त्यासाठी गाडीच्या मॉडेलनुसार वेगळी फ्रेम मिळते. फ्रेम तुमच्याच मॉडेलची आणि त्याच वर्षाची आहे ना, हे आधी पाहा. नाहीतर डॅशबोर्ड कापून-घासून स्क्रीन बसवली जाते.

अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजेच अँड्रॉइड ऑटो का?

नाही. अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डवर बसवलेला टॅबलेटच. त्याला स्वतःचे प्रोसेसर, रॅम आणि ॲप्स असतात. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेमध्ये काम फोन करतो, स्क्रीन फक्त दाखवते. नकाशा, कॉल आणि गाणी एवढीच गरज असेल, तर जास्त रॅमसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

‘४ बाय ५० वॅट’ खरे किती?

इंजिन सुरू असताना स्टिरिओला सुमारे १४ व्होल्ट मिळतात. एवढ्या व्होल्टेजवर स्टिरिओतील नेहमीची ॲम्प्लिफायर चिप ४ ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता सुमारे २५ वॅटच देऊ शकते, तेही कागदावर. ५० हा क्षणिक कमाल आकडा आहे. त्यामुळे बॉक्सवर ‘आरएमएस’ पुढचा आकडा वाचा.

वायर कापली तर काय बिघडते?

बहुतेक मॉडेलसाठी कंपनीच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा कपलर मिळतो. तो न वापरता वायर कापून, पिळून टेप लावली, की उन्हात टेपचा गोंद सुटतो, जोड उघडा पडतो आणि शॉर्टसर्किटचा धोका तयार होतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे त्याहून वाईट. मग फ्यूजआधी वायर तापते.

बाहेरच्या स्टिरिओत साधारणपणे पिवळी वायर बॅटरीचा कायमचा पुरवठा, लाल वायर चावी फिरवल्यावरचा पुरवठा आणि काळी वायर अर्थ असते. पिवळी आणि लाल एकत्र जोडली, तर चावी काढल्यावरही स्टिरिओ पूर्ण झोपत नाही. त्याने अर्धा अँपिअर ओढला, तरी दोन दिवसांत २४ अँपिअर-तास संपतात. अनेक छोट्या गाड्यांची बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची असते. सोमवारी सकाळी गाडी सुरू होत नाही आणि दोष बॅटरीला दिला जातो.

हँडब्रेकची वायर का महत्त्वाची?

गाडी थांबलेली असतानाच व्हिडीओ दिसावा, यासाठी अनेक स्टिरिओंमध्ये हँडब्रेकला जोडायची वायर असते. काही ठिकाणी ती सरळ अर्थला जोडतात आणि चालत्या गाडीतही व्हिडीओ सुरू राहतो. चालकाची नजर रस्त्यावरून हटवणारी ही ‘सोय’ स्पष्टपणे नाकारा.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

कापलेल्या वायरमुळे बिघाड झाला, तर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते. त्यामुळे बुकिंगच्या कागदपत्रांतील अट वाचा आणि फिटिंगआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. बाहेरून बसवलेला स्टिरिओ विम्यात आपोआप येत नाही. ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’ म्हणून त्याची किंमत पॉलिसीत नोंदवावी लागते आणि त्यासाठी जादा हप्ता पडतो. ही नोंद ‘आयएमटी-२४’ या कलमाखाली होते. त्यासाठी जीएसटीचे पक्के बिल हवे.

पैसे देण्याआधी काय तपासाल?

• ‘कपलर टू कपलर’ फिटिंग आणि वॉरंटीचा कालावधी बिलावर लिहून घ्या.
• पॅनेल बंद होण्याआधी मागच्या जोडण्यांचा फोटो काढा.
• स्टिअरिंगवरची बटणे, रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सर, एफएम आणि कॉलचा माइक दुकानासमोरच तपासा. बटणांसाठी काही गाड्यांत ‘कॅनबस’ बॉक्स लागतो. तो किमतीत धरला आहे का, ते आधी विचारा.
• चावी काढल्यावर स्क्रीन बंद होते का, ते पाहा.
• जुना स्टिरिओ, फ्रेम आणि स्क्रू घरी न्या. गाडी विकताना ते उपयोगी पडतात.

दोन दुकानांच्या दरात थोडा फरक असेल, तर आधी त्यात कपलर आहे का, ते विचारा. स्वस्त दर अनेकदा तिथेच स्वस्त झालेला असतो.