होडीच्या बुडाशी बसलेला प्रवासी

झरीहून पश्चिमेला गेले की झाई-बोर्डीचा समुद्र लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर तेथे वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आपण पाहतोच. त्यांच्या बुडावर शेवाळ, बारीक शिंपले आणि खरखरीत पांढऱ्या कवचाचे जीव यांचा थर बसलेला असतो. त्याने होडी जड होते, म्हणून मच्छीमार तो खरवडतात. या थराची दुसरी बाजू मात्र सहसा ध्यानात येत नाही. होडी जाईल तेथे हे जीवही जातात आणि नव्या पाण्यात अंडी सोडतात.

‘मायटिलॉप्सिस सॅलेई’ ही बोटाच्या पेराएवढी शिंपली मूळची मध्य अमेरिकेच्या अटलांटिक बाजूची. १९६७ साली ती विशाखापट्टणम बंदरात आढळली. मुंबई बंदरातही तिने ठाण मांडले. भारतीय बंदरांतील या नव्या जीवाविषयी करंदे व मेनन या संशोधकांचा लेख १९७५ साली प्रसिद्ध झाला. ही शिंपली साधारण महिनाभरात वयात येते आणि जवळजवळ गोड्या पाण्यापासून अतिखाऱ्या पाण्यापर्यंत कोठेही तगते. खाडी म्हणजे तिचे माहेरच.

मार्च १९९९ मध्ये हीच शिंपली ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या कलन बे नावाच्या नौकातळात सापडली. हौशी प्रवाशांच्या शिडाच्या नौका तेथे उभ्या असतात. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तिचा मागमूस नव्हता. आता एका चौरस मीटरला वीस हजारांहून अधिक शिंपल्या! एखाद्या सहलीच्या नौकेच्या बुडाला चिकटून ती आली असावी, असे तज्ज्ञांचे मत पडले. नौकातळाला सुदैवाने पाणी अडविणारे दरवाजे होते. ते बंद करून क्लोरीन व मोरचूद ओतण्यात आले. शिंपल्या मेल्या, पण आतील मासे व इतर जीवही मेले. तेथून निघून गेलेल्या शेकडो नौका शोधून तपासाव्या लागल्या. उघड्या खाडीला मात्र असा दरवाजा कोठून आणायचा?

मोठी जहाजे सोडून हौशी नौकेवर बोट का ठेवायचे, असे कोणी विचारील. जहाज सतत फिरते, ठराविक काळाने गोदीत चढते, त्याला विषारी रंग लागतो. हौशी नौका महिनोन्‌महिने संथ पाण्यात उभी असते. मग मालकाला सुट्टी मिळते आणि ती सावकाश दूरच्या बंदराला निघते. चिकटलेल्या जीवांना याहून सोयीची गाडी नाही. सुकाणूचे सांधे आणि पाणी ओढणाऱ्या नळ्या यांत तर ते कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत.

आपल्या डहाणूजवळ वाढवण येथील मोठ्या बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. बंदरापाठोपाठ लहानमोठ्या नौका येतात. ओहोटीला खडकावरची कालवे फोडून घर चालविणाऱ्या बायांचा त्या नौकांच्या बुडाशी संबंध आहे, हे कोणत्या कागदावर दिसणार?

झाईचे मच्छीमार १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या वर ओढतात, तो जुना रिवाज या बाबतीत फार उपयोगी आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते. खरवडलेला थर पाण्यात लोटायचा नाही. भरतीच्या रेषेच्या वर टाकून कडकडीत वाळू द्यायचा.