देवीचं गाणं, मारिस्काचा गळा

लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून मी हिवाळ्यात तीन महिने हॉलंडला, द हेग या शहरात राहून आले. जाताना बॅगेत डिंक, आळीव, सुंठ, बाळंतशेपा असं सगळं कोंबलं होतं. विमानतळावर कुणी उघडायला लावलं तर काय सांगायचं, याचीच धाकधूक! पण तिथे गेल्यावर गंमत कळली. तिकडेही बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना गोल टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेप पसरून देतात. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी. म्हटलं, चला, बाळंतशेपा सातासमुद्रापारही पोचल्यात तर!

तर असाच तो टोस्ट खायला एक दिवस शेजारच्या बाई आल्या होत्या. वय अडुसष्ट, ताठ, सायकलवरून बाजारहाट करणाऱ्या. नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधले दिवस. त्या आठवड्यात तिथल्या रेडिओवर लोकांनी मतं देऊन निवडलेली २००० गाणी रात्रंदिवस वाजवतात. १९९९ पासूनची प्रथा आहे म्हणे. घराघरात रेडिओ चालूच. जावयानंही आमच्याकडे लावून ठेवला होता. मी आपली आळिवाचे लाडू वळत होते. एकदम गिटारचे ते ठोके ऐकू आले आणि हात चालू असतानाच मी सुरात सूर मिसळला.

बाई चमकल्या. “तुम्हाला हे गाणं येतं?”

माझं इंग्रजी तोडकंमोडकं. पण सांगितलं, कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलवर एका मुलीकडे कॅसेट होती, १९८७ च्या सुमाराची गोष्ट. तीन इंग्लिश मुली म्हणायच्या हे गाणं. ‘व्हीनस’.

बाईंनी कप खाली ठेवला. “त्या तिघी नंतरच्या. हे गाणं आमचं आहे. याच गावचं.”

खरं सांगते मैत्रिणींनो, मी गेली पस्तीस-चाळीस वर्षं ज्याला इंग्लिश गाणं समजत होते, ते निघालं डच! मग काय, तिथले उरलेले दिवस नातीला मांडीवर घेऊन मी त्या गाण्याच्याच मागे लागले. थोडं बाईंनी सांगितलं, थोडं लेकीनं वाचून दाखवलं.

द हेगमध्ये १९६७ साली रॉबी फान लेऊवेन नावाच्या गिटारवाल्या तरुणानं ‘शॉकिंग ब्लू’ हा बँड काढला. सुरुवातीला गाणारा पुरुषच होता. १९६८ साली दुसऱ्या एका बँडच्या यशाची पार्टी होती. तिथे एक मुलगी गाताना या लोकांनी ऐकली. दमदार, थोडा जाडसर आवाज. ती होती मारिस्का वेरेस. तिला बँडमध्ये घेतलं आणि १९६९ साली ‘व्हीनस’ निघालं.

व्हीनस म्हणजे रोमन लोकांची प्रेमाची आणि सौंदर्याची देवता. गाण्यात तिचंच वर्णन. डोंगरमाथ्यावरची, पुरुषांना वेड लावणारी वगैरे. शब्द रॉबीचे. चाल मात्र पूर्ण त्याच्या डोक्यातून आलेली नव्हती. अमेरिकेत ‘द बिग थ्री’ नावाच्या त्रिकुटानं १९६३ साली ‘द बँजो साँग’ केलं होतं. त्यांनी तरी काय केलं, तर १८४८ सालच्या ‘ओ सुझाना’ या जुन्या लोकप्रिय गाण्याचे शब्द घेतले आणि टिम रोझनं त्यांना नवी चाल लावली. ती चाल आणि ‘व्हीनस’ एकापाठोपाठ एक ऐका, कुणीही सांगेल की ही बहिणीबहिणी आहेत. नाव मात्र रॉबीचं एकट्याचंच लागलं. आपल्याकडे नाही का, एकीनं रांधलेलं दुसरीनं वाढलं की वाहवा वाढणारीची!

आणखी एक गंमत. रॉबीनं इंग्रजीत शब्द लिहिताना पहिल्याच ओळीत चूक केली. ‘गॉडेस’ लिहायच्या जागी ‘गॉडनेस’ लिहून बसला. मारिस्कानं कागदावर होतं तसं गायलं. रेकॉर्ड निघाली, जगभर गेली, चूक तशीच राहिली. एका अक्षराच्या चुकीसाठी शाळेत हातावर पट्टी खाल्लेली मी. हे ऐकून मला फारच बरं वाटलं.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्याचा नमुना म्हणजे हे गाणं. हॉलंडमध्ये ते गाजलं, पण तिथल्या यादीत पहिलं काही आलं नाही. तिसऱ्या क्रमांकावर थांबलं. इकडे अमेरिकेत मात्र ७ फेब्रुवारी १९७० ला ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. हॉलंडचा कुठलाही बँड त्याआधी तिथे पोचला नव्हता. एवढासा देश, आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. त्या लोकांना केवढं वाटलं असेल!

त्यानंतर या गाण्याचे जन्मावर जन्म झाले. १९८१ साली ‘स्टार्स ऑन ४५’ नावाची एक डच रेकॉर्ड आली. जुन्या गाण्यांचे तुकडे टाळ्यांच्या ठेक्यावर एकात एक गुंफलेले, तिची सुरुवातच ‘व्हीनस’नं. तीही अमेरिकेत पहिली आली. मग १९८६ साली बनानारामा या इंग्लिश बँडच्या तीन मुलींनी त्याला डिस्कोचा ठेका दिला आणि गाणं पुन्हा अमेरिकेत पहिलं! माझ्या हॉस्टेलच्या कॅसेटवरचं ते हेच. सोळा-सतरा वर्षांत तीन रूपं, तिन्ही वेळा पहिला नंबर. पुढे ‘व्हीनस’ याच नावाच्या बायकांच्या रेझरच्या जाहिरातीत ते वाजलं. आणि २०२० साली बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीवरची ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली. त्यात ती मुलगी हरल्यावर घरात एकटीच बेभान होऊन नाचते, ते याच गाण्यावर. माझ्या लेकीला हे गाणं माहीत होतं ते तिथून. म्हणजे बाईंचं वेगळं, माझं वेगळं, लेकीचं वेगळं, पण गाणं तेच.

का बरं टिकलं असेल? मी काही जाणकार नाही. पण सुरुवातीचे ते गिटारचे ठोके ऐकले की दोन सेकंदांत ओळख पटते. शब्द थोडे, चाल सोपी, ध्रुवपदाला सगळ्यांना ओरडता येतं. इंग्रजी न येणाऱ्यालाही म्हणता येतं, मीच त्याचा पुरावा. आणि आवाज! त्या काळात बायकांची प्रेमगीतं बहुतेक वाट बघणारी, रडणारी. हिच्या आवाजात विनवणी औषधालाही नाही. ती सरळ आपल्यासमोर उभी राहून गाते.

मला वाटलं, गाणारी बाईही तशीच असणार, ठसकेबाज. लेकीनं मला तिचा जुना व्हिडिओ दाखवला. काळेभोर लांब केस, कपाळावर सरळ कापलेले. डोळ्यांत काजळ म्हणजे केवढं, पार कानाच्या दिशेनं ओढलेलं! मी म्हटलं, “काय केस आहेत गं!”

शेजारीणबाई हसल्या. “टोप आहे तो.”

मग बाईंनी जे सांगितलं ते मला जास्त लागलं. मारिस्का मूळची लाजाळू. बँडची ती दुनिया, पण ही दारू-सिगारेटपासून लांबच राहायची. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मासिकाला मुलाखत देताना तिनं त्या दिवसांतल्या स्वतःला रंगवलेली बाहुली म्हटलं होतं. तिच्यापर्यंत कुणी पोचूच शकत नव्हतं, असं तिचं म्हणणं. विचार करा, जगभरचे पुरुष जिला देवी समजून बघत होते, ती आत कुठेतरी टोपाखाली आणि काजळाआड बसलेली एक बावीस वर्षांची मुलगी होती. आपल्याकडे नवी नवरी नाही का, सगळे बघत असतात तिच्याकडे, पण ती कुणालाच दिसत नाही.

तिचं घराणं गाण्याचंच. वडील लायोश वेरेस हंगेरीचे, रोमा म्हणजे आपण ज्यांना जिप्सी म्हणतो त्या लोकांपैकी, व्हायोलिन वाजवणारे. लहानपणी ही कधी कधी त्यांना पियानोची साथ करायची. पण जगाला ते नको होतं. जगाला ‘व्हीनस’ हवी होती. १९७४ साली बँड फुटला. तिनं एकटीनं रेकॉर्ड्स काढल्या, त्यांना तसं यश मिळालं नाही. जिथे जाईल तिथे लोक तेच एक गाणं मागणार. १९९३ मध्ये तिनं नवीन साथीदार घेऊन ‘शॉकिंग ब्लू’ पुन्हा उभा केला, ते गाणं पुन्हा म्हटलं. पण त्याच वर्षी जॅझ गाण्यांची रेकॉर्डही काढली. आणि २००३ साली, पंचावन्न वर्षांची असताना, तिनं जिप्सी गाण्यांचा अल्बम केला. बापाचे सूर. फार कुणी घेतला नसेल तो, पण तिनं केला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २ डिसेंबर २००६ ला, ती कर्करोगानं गेली. निदान झाल्यापासून काही आठवड्यांतच. वय एकोणसाठ.

हे ऐकताना मी नातीला थोपटत होते, हात थांबला. कारण मला माझे वडील आठवले.

आमचे बाबा शाळामास्तर. एकादशीला संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे. मी शेजारी. दहा-बारा वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत एक एकादशी चुकली नाही. लग्न झालं. सासरी कुणी गाऊ नकोस म्हटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण गा असंही कुणी म्हटलं नाही. आणि मीही विचारलं नाही. स्वयंपाक, मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात गळा कधी गप्प झाला ते कळलंच नाही. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. भावानं पेटी माझ्याकडे आणून दिली, ‘तूच वाजवायचीस’ म्हणून. मी ती चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. आवाज राहिला नाही आता, असं सगळ्यांना सांगायचे.

बाईंना मी हे सगळं माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. अडलं तिथे लेकीनं सांभाळून घेतलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, लेकही हे पहिल्यांदाच ऐकत होती. “आई, तू गायचीस?” म्हणाली. तिशी ओलांडलेली मुलगी, आणि तिला हे माहीत नाही! दोष तिचा थोडाच?

बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग आपलं सांगू लागल्या. हे गाणं आलं तेव्हा त्या बारा वर्षांच्या. घरात वडील कडक, दर रविवारी चर्च. टीव्हीवर मारिस्काला बघून यांनी जळक्या बुचानं डोळे रंगवले आणि आरशासमोर गात उभ्या राहिल्या. वडिलांनी तोंड धुवायला लावलं. “पण तोवर मी एकदा पूर्ण गाऊन झाले होते,” असं म्हणून त्या खळखळून हसल्या. नवरा गेल्यावर दोन वर्षं त्यांनीही तोंड उघडलं नव्हतं. आता मोहल्ल्यातल्या बायकांच्या गायनमंडळात दर बुधवारी जातात. सूर लागतो का, विचारलं तर म्हणाल्या, “नाही. पण बुधवार चांगला जातो.”

हे वाक्य मी गाठीला बांधून आणलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा आल्या. नात झोपत नव्हती. मला काय वाटलं कोण जाणे, बाबा म्हणायचे तो एक अभंग मी हळूच सुरू केला. मध्येच आवाज चिरकला, एक ओळ विसरले. बाईंना शब्द एकही कळत नव्हता, पण त्या पायानं ताल धरून बसल्या होत्या. लेक दारात उभी होती. रडत होती की काय, मी बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढे गाता आलं नसतं.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्यांना माळ्यावर चढवलं. पेटी काढली. भाता कसरीनं खाल्लेला, दोन पट्ट्या अडकलेल्या. दुरुस्तीला दिली, परवाच मिळाली. आता दर एकादशीला अर्धा तास. ह्यांनी पहिल्या दिवशी पेपर वाचत ऐकलं, दुसऱ्या वेळी पेपर खाली ठेवला. एवढं पुरे आहे.

मारिस्कानं जगाला हवं ते गाणं आयुष्यभर म्हटलं, आणि ते काही वाईट गाणं नव्हे. त्यानं आम्हा तिघींना, तीन वेगवेगळ्या वयांत, आनंदच दिला. पण पंचावन्नाव्या वर्षी ती आपल्या बापाच्या सुरांकडे गेली, तेव्हा तिला कुणी पहिला नंबर देणार नव्हतं. तरी गेली. मला तिचं तेच जास्त आवडलं.

दोन सूर अजून नीट लागत नाहीत, पेटीचेही आणि माझेही. पण एकादशी चांगली जाते.

तुमच्या माळ्यावर काय ठेवलंय गं, चादरीत गुंडाळून? एकदा खाली काढून तर बघा.