धान्यातील बुरशीविष : कायद्याची मर्यादा आणि आपली जबाबदारी

१९७४ सालच्या अखेरच्या महिन्यांत गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत एका विलक्षण काविळीची साथ पसरली. प्रारंभी ताप, उलट्या व अन्नावरील वासना उडणे, नंतर कावीळ, त्यानंतर पोटात पाणी साठणे आणि पायांवर सूज, असा आजाराचा क्रम होता. दीडशेहून अधिक गावे या साथीच्या तडाख्यात सापडली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. घरातील उष्टे अन्न खाणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली.

हा साथीचा रोग एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारा नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा कारण सापडले ते घराघरांतील मक्यात. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, कणसे भिजली, नीट न वाळताच साठवली गेली आणि त्यांवर बुरशी धरली. या मक्याच्या एका किलोत सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज भारतात धान्यासाठी कायद्याने जी कमाल मर्यादा ठरवली आहे, तिच्या चारशे ते हजार पट हे प्रमाण होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा मका बाजारातून आलेला नव्हता. तो त्या कुटुंबांनी स्वतःच्या शेतात पिकवला होता आणि दुसरे धान्य नसल्यामुळे खाल्ला होता. कोणत्याही अन्न निरीक्षकाच्या हाती त्याचा नमुना कधीच पडला नसता. बुरशीविषांसंबंधीचा कायदा समजून घेताना त्याचे सामर्थ्य आणि त्याची सीमा या दोन्हींचा विचार का करावा लागतो, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

बुरशीविष म्हणजे काय?

बुरशीच्या काही जाती वाढताना विषारी रसायने निर्माण करतात. त्यांतील सर्वांत घातक समजले जाणारे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्याचा शोध पशुखाद्यातूनच लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत त्याचे मूळ आढळले. पेंडीवरील ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या नावावरून विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे ते ‘बी’ आणि हिरवे चमकणारे ते ‘जी’ असे त्याचे प्रकार पडतात. ‘बी-१’ हा त्यांतील सर्वाधिक विषारी. जनावराच्या पोटात गेलेल्या ‘बी-१’ चे रूपांतर होऊन जे विष दुधात उतरते, त्यास ‘एम-१’ म्हणतात.

भुईमूग, मका, सरकी, मिरची, सुकामेवा यांवर ही बुरशी विशेष वाढते. पीक शेतात असतानाच अखेरच्या टप्प्यात पाण्याचा ताण व उष्णता यांमुळे तिचा शिरकाव होतो आणि साठवणीतील ओल तिला पोसते. गहू, ज्वारी, मका यांवर इतर बुरशींची इतर विषेही आढळतात. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी व अतिसाराचा उद्रेक झाला, त्यामागे फ्युमोनिसिन हे वेगळे बुरशीविष होते.

यकृतावरील परिणाम

अफ्लाटॉक्सिन मोठ्या मात्रेत पोटात गेले तर १९७४ प्रमाणे तीव्र विषबाधा होते. अल्प मात्रेत, परंतु वर्षानुवर्षे जात राहिले, तर त्याचा परिणाम अधिक छुपा असतो. शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत या विषाचे रूपांतर करते. त्या क्रियेत तयार होणारा पदार्थ पेशीतील डीएनएला चिकटतो व त्यातून पुढे यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनची गणना मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे.

यात आणखी एक दुवा आहे. खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९८ साली काढलेल्या अनुमानानुसार, अफ्लाटॉक्सिनची मात्रा सारखीच असली तरी त्यापासून होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाचा धोका हिपॅटायटिस ‘बी’ ची दीर्घकालीन बाधा असलेल्या व्यक्तीत सुमारे तीसपट अधिक असतो. म्हणजेच एकाच ताटातील अन्न दोन व्यक्तींना सारखेच धोकादायक नसते.

मर्यादा शून्य का नाही?

विष घातक आहे, तर कायद्याने ते मुळीच नको असे का म्हणू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. भेसळ माणूस करतो, म्हणून तिला संपूर्ण बंदी घालता येते. बुरशी मात्र निसर्गतः येते. शून्याचा आग्रह धरला तर खाण्याजोगे बरेचसे धान्य नष्ट करावे लागेल आणि उपासमारीचे संकट उभे राहील. म्हणून ‘शक्य तितके कमी’ हे तत्त्व स्वीकारून प्रत्येक देश आपली मर्यादा ठरवतो. २००३ सालच्या अखेरीस किमान ९९ देशांत बुरशीविषांसंबंधी अशा तरतुदी होत्या. अमुक मात्रेखाली धोका अजिबात नाही असे तज्ज्ञ म्हणत नाहीत. कायद्याची मर्यादा ही आरोग्य, अन्नाची उपलब्धता, तपासणीची साधने व व्यापार यांचा मेळ घालून आखलेली व्यावहारिक रेषा आहे.

आपल्याकडे १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत अन्नपदार्थांसाठी दर किलोस ३० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा होती. त्या कायद्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. त्याखालील २०११ च्या विनियमांनुसार तृणधान्ये व कडधान्ये यांत एकूण अफ्लाटॉक्सिन दर किलोस १५ मायक्रोग्रॅम, थेट खाण्याच्या शेंगदाण्यांत व सुकामेव्यात १०, मसाल्यांत ३० आणि दुधात ‘एम-१’ हे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. सफरचंदाच्या रसातील पॅट्युलिन ५० आणि गव्हातील डीऑक्सिनिव्हॅलेनॉल १,००० मायक्रोग्रॅम, अशा इतर विषांच्या मर्यादाही त्यात आहेत.

दर किलोस १५ मायक्रोग्रॅम हे प्रमाण किती सूक्ष्म आहे? दहा क्विंटल धान्यात मिळून १५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. डोळ्यांना, जिभेला वा नाकाला त्याचा पत्ता लागणे अशक्य आहे.

गोठ्यातून पुन्हा घरात

पशुखाद्यासाठी वेगळी मर्यादा असण्याचे कारण केवळ जनावरांचे आरोग्य हे नाही. गायीने खाल्लेल्या ‘बी-१’ पैकी साधारणतः एक ते तीन टक्के अंश ‘एम-१’ च्या रूपाने दुधात उतरतो. जास्त दूध देणाऱ्या गायीत तो त्याहूनही अधिक असू शकतो. एक साधे गणित पाहू. दररोज पाच किलो खुराक खाणारी व दहा लिटर दूध देणारी गाय आहे आणि दोन टक्के विष दुधात उतरते असे धरू. खुराकात दर किलोस १०० मायक्रोग्रॅम विष असेल, तर गायीच्या पोटात ५०० जाईल, दुधात १० येईल आणि दर लिटरला १ मायक्रोग्रॅम पडेल. हे कायदेशीर मर्यादेच्या दुप्पट झाले. खुराकात २० मायक्रोग्रॅम असेल, तर हेच प्रमाण ०.२ वर येते. भारतीय मानक ब्यूरोच्या गुरांच्या संयुक्त खाद्याच्या मानकात ‘बी-१’ साठी दर किलोस २० मायक्रोग्रॅम ही मर्यादा का आहे, हे यावरून उलगडते. युरोपीय संघाने दुधासाठी ०.०५ ही दहापट कडक मर्यादा ठेवली आहे. साहजिकच दुभत्या जनावरांच्या तयार खाद्यासाठी तेथील मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. आपले गणित ५ ने मांडले, तर उत्तर नेमके ०.०५ येते. अमेरिकेत दुभत्या गायींच्या खाद्याला २०, तर मांसासाठी पोसलेल्या गुरांना अखेरच्या काळात द्यावयाच्या मक्याला ३०० पर्यंत मुभा आहे, कारण तेथे दुधाचा प्रश्न उद्भवत नाही.

हा प्रश्न कागदावरचा नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, ‘एम-१’ मर्यादेपेक्षा अधिक आढळले. हे विष दुधात कोणी मिसळलेले नव्हते, ते चाऱ्यातून व खाद्यातून आले होते. दूध उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने ते नष्ट होत नाही आणि दूध हा तर लहान मुले, गर्भवती व आजारी माणसे यांचा मुख्य आहार.

मर्यादा बदलली म्हणून विष बदलत नाही, हेही ओळखले पाहिजे. २०१२ च्या दुष्काळात सर्बियातील मक्यावर बुरशी वाढली आणि २०१३ च्या प्रारंभी तेथील दुधात ‘एम-१’ चे प्रमाण ०.०५ च्या मर्यादेपलीकडे गेले. तेव्हा तेथील शासनाने मर्यादाच ०.५ केली. जे दूध आदल्या दिवशी बेकायदा होते, ते कायदेशीर ठरले. पिणाऱ्यांच्या यकृताला मात्र या दुरुस्तीने काही फरक पडला नाही.

कायदा जेथे पोहोचत नाही

तपासणीतही अडचणी आहेत. बुरशी पोत्यात सर्वत्र सारखी पसरलेली नसते. हजारो निर्दोष दाण्यांत एखादाच दाणा विषाने भरलेला असू शकतो. मूठभर नमुना घेतला, तर तो दाणा हाती लागेल वा न लागेल. म्हणून ठिकठिकाणचे भरपूर धान्य घेऊन, दळून, एकजीव करूनच तपासणी करावी लागते. मोठ्या उद्योगांना हे शक्य आहे. शेतकऱ्याच्या घरी व गोठ्यात ते शक्य नाही. केनियात २० मायक्रोग्रॅमची मर्यादा अस्तित्वात असतानाही २००४ साली दूषित मक्यामुळे ३१७ जण आजारी पडले व १२५ मरण पावले. तेथेही मका प्रामुख्याने घरचाच होता. पंचमहालनंतर तीस वर्षांनी तेच घडले.

आणि आपल्या घरांतील एक जुनी सवय या संदर्भात तपासून पाहण्यासारखी आहे. काळे पडलेले दाणे, बुरशी आलेली भाकरी, भिजलेली ढेप आपण स्वतः खात नाही, पण ‘टाकून कशाला द्यायचे’ म्हणून गुरांपुढे ठेवतो. त्यामागे काटकसर असते, अन्नाचा आदर असतो. परंतु जे आपण ताटातून दूर केले, त्याचा काही अंश दुसऱ्या दिवशी दुधाच्या पेल्यातून आपल्याच मुलापुढे येतो. भुईमुगाच्या बाबतीत हाच फेरा मोठ्या प्रमाणावर चालतो. निवडून बाजूला काढलेले दाणे तेलासाठी जातात, विषाचा बराचसा भाग पेंडीत उरतो आणि पेंड गोठ्यात येते.

आपण काय करू शकतो?

शेंगा व कणसे काढणीनंतर त्वरित आणि पूर्ण वाळवाव्यात. मक्याचा ओलावा १२ ते १३ टक्के व शेंगदाण्यांचा ७ ते ८ टक्क्यांपर्यंत खाली आल्यावरच साठवण करावी. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. फुटक्या, चिरलेल्या, किडलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. सुरकुतलेले, रंग बदललेले, कडवट दाणे निवडून टाकावेत, कारण बहुतेक विष अशाच थोड्या दाण्यांत एकवटलेले असते. भाजल्याने ते काही अंशी कमी होते, पूर्ण जात नाही. बुरशीचा थर पुसून वा धुऊन धान्य निर्दोष होत नाही.

पेंड व सरकीची ढेप कोरड्या जागी, पुरेल तेवढीच साठवावी. बुरशी आलेले खाद्य कोणत्याही जनावरास घालू नये. दुभत्या जनावरास तर मुळीच नाही. समाधानाची बाब अशी, की दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दुधातील विष जवळजवळ नाहीसे होते. एवढ्या लवकर फळ देणारा उपाय वैद्यकात क्वचितच मिळतो.

तिसरा उपाय रुग्णालयाच्या हातातील आहे. हिपॅटायटिस ‘बी’ ची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट आहे आणि तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. अन्नातील विषाचा शेवटचा कण काढून टाकणे कोणालाही शक्य नाही, परंतु त्या विषाचा धोका अनेक पटींनी वाढवणारी बाधा आपण टाळू शकतो. म्हणून प्रसूती कोठेही होवो, ही मात्रा चुकवू नये अशी सर्व मातापित्यांना विनंती आहे.

कायद्याने बाजारात रेषा आखली आहे आणि ती आवश्यकच आहे. घरची कणगी, घरचा गोठा आणि घरातील पाळणा येथे मात्र ती रेषा आपणच आखावयाची आहे. पंचमहाल-बांसवाड्याच्या त्या कुटुंबांपुढे दुसरा मार्ग नव्हता आणि त्यांना हे सांगणारेही कोणी नव्हते. आज आपल्यापाशी ज्ञान आहे. त्याचा उपयोग व्हावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा.