उभ्या उभ्या बिघडणारं मशीन

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या अंगणावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि मी हिरवळ, फुलझाडं, खिडकीतली तुळस असं काहीबाही डोक्यात घेऊन निघालो. न्यू जर्सीतल्या ज्या ज्या घरी गेलो तिथे मात्र विषय फिरून गवत कापायच्या मशीनवर यायचा. सुरूच होत नाही, झालं तर आवाज वरखाली होत राहतो, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. शेवटी एकाने दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला आणि माझा लेख अंगणातून उठून त्या दुकानातल्या टेबलापाशी जाऊन बसला.

एप्रिलचा पहिला उबदार आठवडा होता. दाराबाहेर मशिनांची रांग, प्रत्येकाच्या दांड्याला तक्रारीची चिठ्ठी. मजकूर जवळपास एकच: ऑक्टोबरात उत्तम चालत होतं. दुकानाचे मालक सत्तरीकडे झुकलेले, उमेदीची सगळी वर्षं याच टेबलाशी गेलेली. त्यांचं म्हणणं असं, की हे मशीन चालताना क्वचित बिघडतं, उभं राहून हमखास बिघडतं. ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारी यंत्रं तिथल्या गिरण्यांत होती, त्यांवरून त्याला हे सुचलं. आज अमेरिकेत घरोघरी दिसतं ते मशीन निराळं आहे. झाकणाखाली एकच सपाट पातं आणि त्याच्या डोक्यावर उभ्या शाफ्टचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वसत गेली तसं ते पसरलं. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये तर आठवड्याला गवत कापायची अट घराच्या करारातच होती. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने १९५३ मध्ये ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन काढलं आणि मशीन ढकलणं आणखी सोपं झालं.

मालकांची तपासणीची रीत ठरलेली आहे. आधी प्लगची वायर काढून बाजूला, कारण पातं हाताने फिरवलं तरी इंजिन पेटू शकतं. मशीन कलंडवायचं ते एअर फिल्टरची बाजू वर ठेवूनच; ती खाली गेली की तेल फिल्टरात उतरतं आणि एका बिघाडाचे दोन होतात. मग दांड्याला लागून असलेला गज. तो सोडला की ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे, असा अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे. गजाची केबल सैल पडली तर ब्रेक फ्लायव्हीलला टेकून राहतो, ठिणगीही बंद राहते आणि माणूस उगाच दोरी ओढत बसतो. केबल ठीक असेल तर ठिणगी बघायची. इथे बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये बसवलेलं चुंबक कॉइलसमोरून गेलं की ठिणगी पडते. ती पडतेय ना? मग इंजिनाच्या घशात थोडंसं ताजं पेट्रोल सोडायचं. इंजिन दोन सेकंद बोललं आणि गप्प झालं, की चोर सापडला. टाकीतलं पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाहीये.

कार्बुरेटरच्या तळाशी पेट्रोलची एक वाटी असते, एकाच नटाने धरलेली. बऱ्याच जुन्या मॉडेलांत हा नट पोकळ असतो आणि त्याच्या अंगाला एक बारीकसं भोक असतं. कामाच्या वेगात इंजिनाला लागणारं पेट्रोल तिथूनच जातं. मालकांनी नट सोडवला, वाटी उतरवली. तळाला पांढरा भुगा, कडेला हिरवट चिकटा, वास आंबूस. नट त्यांनी माझ्या हातात दिला आणि दिव्याकडे धरायला सांगितलं. पलीकडचा उजेड दिसेना. मग त्यांनी विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सुटी केली, भोकात घातली आणि दोन बोटांत हलकेच फिरवली. ड्रिल कधीच घालायचं नाही. नट पितळेचा, आणि पितळ मऊ असतं. भोक जरासं वाढलं तरी पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. तारेनंतर क्लीनरचा फवारा, त्यानंतर हवेचा झोत. पुन्हा दिव्याकडे धरलं तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार आला. वाटी चढवली, ताजं पेट्रोल घातलं, आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. इतक्या मोठ्या धडधडीचा कारभार एवढ्याशा भोकावर चालतो, हे पाहून मी खरोखर थक्क झालो.

अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून फुटतं आणि तळाला बसतं, म्हणजे नेमकं त्या वाटीत. ॲल्युमिनियमला पांढरा गंज चढतो. उरलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि मागे राहतं त्याचा डिंक होतो. महिन्याभरात पेट्रोल शिळं व्हायला लागतं, आणि मशीन तर नोव्हेंबर ते मार्च गॅरेजात उभं. नटातलं ते भोक अर्धवटच चोंदलं असेल तर इंजिन सुरू होतं, पण वेग उतरतो, वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग चढतो, पुन्हा उतरतो. आवाज वरखाली होतो तो यामुळे.

मी तिथे असताना साताऱ्याकडचे एक काका आपलं मशीन ढकलत आले. पात्याला धार ते घरीच लावतात. कानस मारून झाली की पातं मधल्या भोकाने खिळ्याला अडकवून बघायचं. जी बाजू खाली झुकते तिच्यावर आणखी दोन हात. तोल साधला नाही तर शाफ्ट आणि बेअरिंग हादरतात, आणि बोथट पात्याने गवत कापलं न जाता फाटतं, दोन दिवसांत टोकं तपकिरी पडतात. मी विचारलं, “काका, नवीन का नाही घेत?”

“अरे, वडिलांनी विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन तीस वर्षं सांभाळलं,” ते म्हणाले. “हे काय, खेळणं आहे.”

काकांचं पातं मेपलच्या मुळावर आदळलं होतं. तेव्हापासून दोरी ओढली की हाताला उलटा झटका बसायचा. मालकांनी फ्लायव्हील उतरवला आणि शाफ्टच्या खाचेतून एक चावी काढली, बोटाच्या पेरापेक्षा लहान, मऊ धातूची, मधोमध कातरलेली. पातं कशावर आपटलं तर पोलादी शाफ्टच्या आधी ही चावी तुटावी, म्हणूनच ती मऊ करतात. अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी चुंबकाची वेळ चुकते आणि ठिणगी भलत्याच क्षणी पडते. नवी चावी अगदी थोड्या पैशांत मिळते. काहीजण पुन्हा तुटू नये म्हणून पोलादाची घालतात. पुढच्या मुळाला शाफ्टच वाकतो आणि मशीन भंगारात जातं. स्वतः तुटून यंत्र वाचवणारी ही चावी ज्याने योजली त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

हे सगळं ज्ञान आता उतरणीला लागलंय. नवा कार्बुरेटर इतका स्वस्त मिळतो, की तारेने नट साफ करायची तासाभराची मजुरी त्याहून महाग पडते. साहजिकच नट कुणी उघडत नाही. तेल कधीच बदलू नका, फक्त भर घाला, असं सांगून विकली जाणारी इंजिनंही आली आहेत. आपलं मशीन आपण उघडूच नये अशी ही शिकवण मला घातक वाटते. २०२० च्या जुलैत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कंपनीची मालकी बदलली. होंडाने २०२३ मध्ये अमेरिकेत गवत कापायची पेट्रोल मशिनं बनवणं थांबवलं. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून नव्या लहान पेट्रोल इंजिनांवर तिथे निर्बंध आले. हवेचा मुद्दा रास्त आहे. या इंजिनांचा धूर वाईट आणि आवाज कान किटवणारा, बॅटरीचं मशीन शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुखाचं. पण बॅटरीचा डबा बंद असतो, आत काय बिघडलं ते दुकानात उघडून बघता येत नाही. मालकांच्या हाताखाली शिकायला कुणी नाही. दुकान आणखी किती वर्षं, हे विचारलं तेव्हा त्यांनी बाहेरच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि पुढचं मशीन ओढून घेतलं.

इथेनॉलचा प्रश्न आता आपल्याकडेही दारात आलाय. भारतात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं, म्हणजे अमेरिकेतल्या दुप्पट, आणि त्यातलं बरंच उसातून येतं. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतून पावसाळ्यानंतर गवत काढायला ब्रश कटर फिरतात. गवत संपलं की ते पडवीत टांगले जातात ते पुढच्या पावसापर्यंत. त्यांनाही असाच बारीक भोकाचा कार्बुरेटर असतो आणि कोकणची हवा न्यू जर्सीहून कितीतरी ओली. मी तिकडच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंय: शेवटचं गवत काढून झालं की टाकी रिकामी करा, उरलेल्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, आणि मगच ते खुंटीला लावा.